वाकळीच्या चार बाजू

हॉस्टेलवर आम्ही एकमेकींना नावानं कधी हाक मारलीच नाही. १९८६ साली पुण्यात ज्या मजल्यावर आम्हांला खोल्या मिळाल्या, तिथं एकाच नावाच्या तिघी निघाल्या. त्यामुळं पहिल्या आठवड्यातच नावं मागं पडली आणि गावं चिकटली. कोल्हापूर, अकोला, चिपळूण, नांदेड आणि मी सातारा. आज आमच्यातली एक सोडली तर कुणीच त्या गावात राहत नाही, दोघी आज्या झाल्या, तरी फोनवर अजून "ए अकोला, जेवलीस का?" असंच चालतं. आमच्या नवऱ्यांच्या तोंडीसुद्धा तीच नावं बसली आहेत.

गेली कित्येक वर्षं आम्ही वर्षातून एकदा भेटायचो. एखाद्या हॉटेलात दुपारचं जेवण, तीन-चार तास, फोटो, की निघाली ज्याची त्याची गाडी. मागच्या दिवाळीत चिपळूण म्हणाली, "आपण भेटत नाही गं, एकमेकींना अहवाल देतो." मला ते लागलं, कारण ते खरं होतं. मुलं कुठं आहेत, सून कशी आहे, साखर किती, गुडघा कसा, आणि वेळ संपली. हॉस्टेलवर आम्ही बोलण्यासाठी म्हणून कधी बसलोच नव्हतो. बादलीतले कपडे पिळताना, एकमेकींच्या वेण्या घालताना, कोल्हापूरच्या जर्नलमधल्या आकृत्या चौघींनी मिळून काढताना जे काय बोलणं व्हायचं ते व्हायचं. त्यातलंच काही मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

त्याच सुमारास नांदेडनं ग्रुपवर विचारलं की आईच्या कपाटात अकरा लुगडी आहेत, त्यांचं काय करू? तिची आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. भावजय म्हणत होती कुणाला तरी देऊन टाकू. पण नऊवारी नेसणारं कुणी उरलं नव्हतं, आणि भांडीवालीला देऊन स्टीलचा डबा घ्यायचा तिला धीर होत नव्हता. कोल्हापूरचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "वाकळ शिवूया." नांदेडला आधी कळेना. तिच्याकडं गोधडी म्हणतात. अकोल्यानं सांगितलं की तिची आजी 'वाकय' म्हणायची. चिपळूणकडंही गोधडीच. माझ्या तोंडात लहानपणापासून वाकळ, म्हणून मी इथं तेच लिहिते आहे.

मामाचं घर वाईजवळ आहे, मेणवलीच्या अलीकडं, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. मामा-मामी आता मुलाकडं असतात, घर वर्षातले दहा महिने बंद. किल्ली शेजारच्या आक्कांकडं. आक्का पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत, आणि त्या आळीतल्या निम्म्या घरांतल्या वाकळा त्यांच्या हातच्या आहेत. फोन करून विचारलं तर म्हणाल्या, "या की. पर दोन दिसात हुईल असं समजू नगा." आम्ही तसंच समजून गेलो.

फेब्रुवारीतला पहिला शुक्रवार ठरला. प्रत्येकीनं आपल्या घरातलं एकेक जुनेर आणायचं, म्हणजे पाच जणींचे पाच थर होतील, एवढंच ठरवलं होतं. पुण्याहून खंबाटकी घाट ओलांडला, सुरूर फाट्याला वळलो आणि वाई यायच्या आधीच काचा खाली केल्या. हळद काढायचे दिवस होते. शिजवलेल्या हळदीचा तो वास, मातीचा आणि थोडा कडवट, मला थेट मामीच्या परसात घेऊन जातो. बाकीच्या चौघी त्या वासानं गप्प झाल्या.

संध्याकाळी आक्का आल्या आणि आमची जुनेरं एकेक करून पाहिली. म्हणजे नुसती पाहिली नाहीत. कापड दोन बोटांत धरून चोळायचं, मग गालाला लावायचं, मग उजेडासमोर धरायचं. नांदेडच्या आईचं लुगडं त्यांनी गालाला लावलं आणि मान हलवली. कोल्हापूरच्या सासूबाईंचं गडद हिरवं इरकल होतं. ते सुती आहे, पण रंग जाईल का म्हणून आक्कांनी पांढरा रुमाल ओला करून काठावर दाबून धरला. तीस वर्षं धुतलेलं कापड, रुमाल पांढराच राहिला. माझ्याकडं आईचं सहावारी सुती पातळ होतं, ते चाललं.

चिपळूणनं स्वतःची कॉटनची साडी आणली होती, दोनचारदाच नेसलेली, खळ तशीच. आक्का म्हणाल्या, "नव्या कापडात सुई रडती." मग त्याच रात्री ती गरम पाण्यात भिजवून, खळबळून, परत भिजवून, परत खळबळून आडव्या दोरीवर टाकली. सकाळपर्यंत ती बरीच मऊ आली होती.

अडचण झाली अकोल्याची. तिनं आणली होती तिच्या आईची नायलॉनची साडी, गुलाबी, बारीक फुलांची. तिच्या आईनं पहिल्या पगारातून घेतलेली. आक्कांनी ती हातात घेतली आणि सांगितलं की हे आत चालायचं नाही. थर एकमेकांवर सरकतात, चार धुण्यांत वाकळ आतल्या आत गोळा होते, आणि अंगावर घेतली की घाम येतो. अकोला काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. आक्कांनी तो पाहिला असणार. म्हणाल्या, "आत नगं. वर ठिवू. चारी कोपऱ्यास्नी तिकोनी लावू." अकोल्याचा आतला थर म्हणून मामाच्या ट्रंकेतलं धोतर निघालं, आणि तिच्या आईची साडी चार कोपऱ्यांना ठिगळ म्हणून लागायचं ठरलं. घडी घालून दुहेरी केलेले ते गुलाबी त्रिकोण आज त्या वाकळीत सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतात.

शनिवारी सकाळी कापायला बसलो. आमचं माप पाच फूट बाय सात फूट ठरलं होतं. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंचांचा, म्हणजे दोन पन्हे शेजारी शेजारी जोडले की लांबी निघते, आणि साडीच्या लांबीतून पाच-पाच फुटांचे तुकडे काढले की रुंदी. एका थराला असे दोन तुकडे. आधी फॉल उसवायचे, पिको काढायचा, विरलेला भाग बाजूला करायचा. हे सगळं करायला सकाळचे दोन तास गेले आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. एका जागी मात्र आम्ही थांबलो.

नांदेडनं कात्री हातात घेतली, आईचं लुगडं पसरलं आणि तशीच बसून राहिली. निळसर जांभळं, बारीक चौकडीचं, लाल काठाचं सुती लुगडं. "मला कापता येत नाही," ती म्हणाली. कुणी काही बोललं नाही. कोल्हापूर तिच्या शेजारी जाऊन बसली आणि लुगड्याचं एक टोक उचलून उजेडाकडं धरलं, नुसतंच, काहीतरी करायचं म्हणून. तेव्हा ते दिसलं.

लुगड्याच्या साधारण मध्यावर आडवा दंड होता.

आमच्या मुलींना हा शब्द माहीत नाही, म्हणून सांगते. नऊवारी लुगडं बसण्या-उठण्याच्या जागी आधी विरतं. पदर आणि दुसरं टोक धड असतं, मधला भाग जाळी होतो. मग तो विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आखूड पडतं, निऱ्या कमी येतात, पण आणखी चार वर्षं निघतात. माझी आजी दंड घातलेलं लुगडं सणाला नेसत नसे, पण एरवी वर्षभर तेच.

तो दंड हातानं शिवलेला होता. दुमडपट्टी इतकी अरुंद की कापडाची जाडी हाताला लागत नव्हती. नांदेडनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा आईचा टाका आहे." तिला तो ओळखू आला. तिची आई टाका घालताना प्रत्येक पाच-सहा टाक्यांनंतर एक उलटा घेऊन दोरा पक्का करायची, आणि ते इथं दिसत होतं, दर थोड्या अंतरावर एक दुहेरी ठिपका. तिनं ते लुगडं आयुष्यभर पाहिलं होतं, धुतलं होतं, पण दंड असतो निऱ्यांच्या आत. तो नीट असा तिनं पहिल्यांदाच पाहिला.

मग कापणं सोपं झालं असं मी म्हणणार नाही. पण तिनं कापलं. दंड मधोमध येईल असा तुकडा तिनं मोजून काढला आणि तोच वरच्या थराला घ्यायचा ठरलं. चिपळूण म्हणाली, दंडावरून आपला धावदोरा न्यायचा नाही, त्याच्या अलीकडं थांबायचं आणि पलीकडून सुरू करायचं. आक्कांना हे पटलं नाही, तिथं थर सुटे राहतील असं त्यांचं म्हणणं. शेवटी दंडाच्या दोन्ही बाजूंनी अगदी चिकटून एकेक ओळ घालायची असं ठरलं, म्हणजे थरही धरले जातील आणि तो टाका मधे मोकळा राहील.

अंथरणं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं वाकळ म्हणजे शिवणं. माजघरात सतरंजी घातली, त्यावर पाठीचा थर, म्हणजे कोल्हापूरचं इरकल, उलटी बाजू वर करून. मग धोतर, मग माझं पातळ, मग चिपळूणची साडी, आणि वर नांदेडचं लुगडं. प्रत्येक थर चौघींनी चार कोपरे धरून हवेत ताणायचा आणि एकदम खाली सोडायचा. मग मधून कडेकडं हात फिरवत हवा काढायची. थरांचे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथं वळ उठतो आणि निजणाऱ्याच्या पाठीला तो लागतो. आम्ही धोतराचा आणि पातळाचा जोड एकाच रेषेत आणला होता. आक्कांनी बाहेरून नुसता पाय फिरवून ते ओळखलं. सगळं परत काढून परत अंथरलं. कडांना पाटा, वरवंटा, तांब्याचा हंडा आणि अंगणातले दोन धोंडे ठेवले.

मग कच्चा टाका. लांब लांब, वीतभर अंतरावर, मधून बाहेरच्या दिशेनं. तो शेवटी काढूनच टाकायचा असतो, म्हणून चिपळूणला वाटलं की एवढा कशाला. पण कच्चा टाका मधून बाहेर जातो आणि पक्का बाहेरून आत येतो, आणि दोन्हींच्या मधे कापड जागच्या जागी राहतं. तो नसला तर चारी बाजूंनी ढकलत आणलेलं सैल कापड शेवटी मधे फुगा होऊन बसतं.

साडेअकराच्या सुमारास पक्का टाका सुरू झाला. चार बाजू, चौघी. वाकळीवरच मांडी घालून बसायचं, म्हणजे आपल्याच वजनानं कापड ताणलेलं राहतं. जाड सुती दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा, गाठ आतल्या थरात लपवायची, आणि सुईवर तीन-चार टाके भरून मगच ओढायची. ओळीत अंतर एका बोटाचं. पाचवी काय करणार? आमच्या वयात सुईत दोरा ओवणं हेच एक वेगळं काम आहे. म्हणून पाचवीनं खिडकीपाशी बसून सुया ओवून द्यायच्या. कोल्हापूरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला मांडी घालता येत नाही, म्हणून तिच्यासाठी बुटकं स्टूल ठेवलं आणि तिच्या बाजूची कड मांडीवर उचलून घ्यायची सोय केली.

तासाभरानं अकोल्यानं हिशोब मांडला. ती बँकेत होती, तिला राहवत नाही. पाच बाय सात फूट, बोटभर म्हणजे दीड सेंटीमीटर अंतरानं ओळी, म्हणजे सगळा मिळून सव्वादोनशे मीटरच्या आसपास धावदोरा. वर दिसणारा टाका सेंटीमीटरला एक धरला तर बावीस हजार टाके. आम्ही प्रत्येकी तासाला तीन मीटर शिवत होतो. चौघी म्हणजे बारा. अठरा तास लागणार होते आणि आमच्याकडं फार तर अकरा होते. आक्का फोनवर म्हणाल्या होत्या तेच आता आकड्यांत कळलं. कुणाला वाईट वाटलं नाही, उलट एकदम निवांत वाटलं. घाईचा प्रश्नच मिटला.

खरी अडचण वेगळीच निघाली. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यात ओळी जुळेनात. कोल्हापूर बोटभर अंतर ठेवायची, पण तिची बोटं जाड. चिपळूण पॅथॉलॉजिस्ट आहे, तिचा हात बारीक. तिच्या ओळी अर्ध्या बोटावर आणि टाका तांदळाच्या दाण्याएवढा. त्यामुळं तिच्या बाजूला तीन ओळी झाल्या तरी ती मागंच, आणि माझ्या बाजूनं मी पुढं गेलेली. शिवाय मी दोरा ओढून घ्यायची. मला ते कळतच नव्हतं. मला वाटायचं घट्ट म्हणजे चांगलं. माझी कड हळूहळू आकसली, चुण्या पडल्या आणि सरळ रेघेची कमान झाली. आक्का वाकून बघत म्हणाल्या, "दोरा वढू नगंस पोरी. कापडाला दम घ्याया जागा ठिव." माझी दीड ओळ उसवावी लागली. उसवताना हात थरथरत होते, एवढं काम वाया गेलं म्हणून. नांदेडनं सुईचं काम सोडून माझ्यासोबत उसवलं.

मग आक्कांनी सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, एकीनं एकाच कडेला बसून राहायचं नाही. दर फेरीला जागा बदलायची. जी या बाजूला होती तिनं पुढच्या बाजूला सरकायचं, सुया ओवणारीनं वाकळीवर यायचं, आणि कोपऱ्यावरच्या एकीनं सुया ओवायला जायचं. मग कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल, कुणाची ओळ रुंद, ते सगळं चारी बाजूंना सारखं वाटलं जातं. वाकळ वाकडी होत नाही. त्यांच्या लहानपणी दुपारी बायका एकमेकींच्या अंगणात वाकळ शिवायला जमत, तेव्हा ही रीतच होती. एकटीनं शिवली तर गोष्ट वेगळी, एकच हात असतो.

तेव्हापासून दर फेरीला आम्ही सरकलो. आणि त्यामुळं एक गोष्ट घडली जी आम्ही ठरवली नव्हती. शेजार बदलत राहिला. एका फेरीत माझ्या उजवीकडं चिपळूण, पुढच्या फेरीत तीच सुयांपाशी, आणि मग नांदेड. पाच जणी गोल टेबलाशी बसल्या की एक बोलते आणि चौघी ऐकतात. इथं कोपऱ्यावर दोन डोकी जवळ यायची, ओळ जुळवायची म्हणून, आणि तेवढ्यात हळू आवाजात काहीतरी बोललं जायचं. मान खाली, नजर टाक्यावर. चिपळूणनं मला तिच्या नवऱ्याच्या आजाराबद्दल असंच सांगितलं, दोन मीटरच्या ओळीत. अकरा महिने तिनं ग्रुपवर अवाक्षर काढलं नव्हतं. मी काय म्हणू मला सुचेना, मी तिच्या ओळीला माझी ओळ जुळवली आणि कोपरा वळवला. पुढच्या फेरीत ती कोल्हापूरच्या शेजारी होती, आणि मला दिसलं की ती तिलाही तेच सांगते आहे. रविवारी दुपारपर्यंत चौघींना ते माहीत झालं होतं, आणि एकदाही ते सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलावं लागलं नव्हतं.

अकोल्याशी माझं एक जुनं दुखणं होतं. १९८९ मध्ये, शेवटच्या वर्षी, मी तिच्यावर एका गोष्टीसाठी रागावले होते आणि ती गोष्ट कधीच काढली नव्हती. ती इथं लिहीत नाही, ती आम्हा दोघींची आहे. सोळाव्या की सतराव्या फेरीला ती माझ्या शेजारी आली आणि तिनंच विषय काढला. तिला तारीखसुद्धा आठवत होती.

जेवणाचं आम्ही आधीच वाटून घेतलं होतं. पिठलं-भाकरी, कोल्हापूरच्या घरचं तिखट, चिपळूणनं आणलेलं कोकमचं सार, आणि आक्कांनी आणून दिलेलं ओल्या हळदीचं लोणचं. आलं-लिंबू घातलेलं ते लोणचं नांदेडनं बरणीभर मागून घेतलं. शनिवारी रात्री दिवे लावून शिवायचा प्रयत्न केला, पण पिवळ्या उजेडात निळसर कापडावरचा टाका दिसेना. मग आवरलं. थंडी होती, आणि आम्ही पाच जणी मामीच्या जुन्या वाकळा पांघरून माजघरातच आडव्या झालो, कच्च्या वाकळीच्या कडेला. नांदेडनं अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांच्या पासोडीबद्दल सांगितलं. कागदाऐवजी कापडाच्या लांबलचक पासोडीवर त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं, ती पासोडी लहानपणी शाळेच्या सहलीत तिनं पाहिली होती. तिला तेव्हा प्रश्न पडला होता की पांघरायच्या कपड्यावर कुणी का लिहील. ती हे सांगत असताना कोल्हापूरला झोप लागली, आणि ती हॉस्टेलवर घोरायची तशीच अजून घोरते.

मामीच्या वाकळेबद्दल एक सांगायला हवं. मी जी पांघरली होती तिच्यात माझ्या लहानपणच्या फ्रॉकचा तुकडा होता, पिवळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मला माहीत नव्हतं. सकाळी उजेडात तो हाताशी आला.

रविवारी बोटं सुजली होती. अंगुस्तान दोघींकडंच होतं. बाकीच्यांनी मधल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळली. हातांना थोडी विश्रांती म्हणून सकाळी मेणवलीच्या घाटावर जाऊन आलो. नाना फडणवीसांचा वाडा, नदीकाठचं मेणेश्वराचं देऊळ, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथून आलेली ती पोर्तुगीज घंटा. चिपळूणनं ती पहिल्यांदाच पाहिली. पण खरं सांगायचं तर सगळ्यांचं लक्ष घराकडं लागलं होतं. अर्ध्या तासात परतलो आणि कुणी न सांगता आपापल्या जागी बसलो.

दुपारी दंडापाशी पोचलो.  त्या वेळी त्या बाजूला नांदेड होती, पण तिनं सुई मला दिली. म्हणाली, तू कर, माझं चिकटून जाणार नाही, मी वरूनच जाईन. मी श्वास धरून त्या टाक्याला चिकटून ओळ नेली. या खेपेला दोरा ओढला नाही. तिच्या आईची दुहेरी ठिपक्यांची ओळ मधे आणि आमच्या दोन ओळी दोन बाजूंना. आता त्या वाकळीवर बोट फिरवलं तर हात ओळखता येतात. चिपळूणचा तांदूळ, कोल्हापूरचा मोठा मोकळा टाका, अकोल्याचा अगदी मोजून सारखा, नांदेडचा थोडा तिरका, माझा. आणि त्यांच्यात तो.

चारच्या सुमाराला थांबलो, अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता. बावीस फेऱ्या झाल्या होत्या. मधे साधारण तीन फूट बाय पाच फूट जागा उरली होती, नुसत्या कच्च्या टाक्यांची. अकोल्याचा हिशोब जवळपास बरोबर आला.

पुढं काय, यावर वाद झाला. अकोल्याचं म्हणणं, महिन्याला एकीच्या घरी पाठवू, प्रत्येकीनं चार-पाच फेऱ्या घालाव्यात, सहा महिन्यांत पूर्ण होईल. व्यवहार म्हणून ते बरोबरच होतं. नांदेडनं नाही म्हटलं. पहिल्यांदाच ती त्या दोन दिवसांत मोठ्या आवाजात बोलली. म्हणाली, मग ती तुकड्या-तुकड्यांनी एकटीची होईल, मला तशी नको. जागा बदलायला शेजारी कुणीतरी पाहिजे. अकोल्यानं थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं आणि मग डायरी काढली.

वाकळ उलगडीच गुंडाळली, घडी घातली नाही, कारण घडीनं कच्चा टाका सरकतो. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून जुन्या चादरीत बांधली आणि आक्कांच्या ट्रंकेत ठेवली. सुई वाकळीतच टोचून ठेवली, जिथं फेरी थांबली होती त्या कोपऱ्याला, पुढच्या खेपेला तिथून सुरू करायची म्हणून. ट्रंकेचं झाकण लावताना आक्कांनी सांगितलं की त्यांच्या घरात वाकळीचा मधला शेवटचा टाका घालायच्या आधी आत भाकरीचा एक घास ठेवतात. वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. निजणाऱ्यालाही मग उपाशी निजायची पाळी येत नाही.

"म्हंजी आता?" कोल्हापूरनं विचारलं.

"आता उपाशीच हाय की ती," आक्का म्हणाल्या. "लई लांबवू नगा."

गाडी सुरूर फाट्याला पोचायच्या आत डिसेंबरचे तीन दिवस ठरले. भाकरी नांदेड करणार आहे, ज्वारीची.